आजीच्या कार्डावरची अंडी

प्रश्न: माझी सून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली. तिच्या आजीच्या 'डेव्हिल्ड एग्ज'च्या (उकडलेली अंडी अर्धी कापून त्यांत बलकाचं सारण भरतात, त्या पदार्थाच्या) कृतीच्या कार्डाचा फोटो तिनं मला पाठवलाय. बारा अंडी, अर्धा कप मेयोनीज, दोन चमचे गोड रेलिश (काकडीचं बारीक चिरलेलं लोणचं), मस्टर्ड 'चवीनुसार', वरून पाप्रिका. एवढंच. ईस्टरला दोघं येणार आहेत. मी दोनदा करून पाहिली. कुकरला चार शिट्ट्या दिल्या, तर सोलताना पांढऱ्याचे लचके निघाले, बलकाला हिरवट कड आली आणि सारण श्रीखंडासारखं गोड झालं. काय चुकतंय, ताई?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचं पत्र वाचून अटलांटाजवळचं आमचं जुनं घर आठवलं. नऊ वर्षं होतो तिथं. शेजारच्या आजींकडे ईस्टरला अंड्यांच्या आकाराचे खळगे असलेली काचेची ताटली निघायची, ती फक्त याच पदार्थासाठी. मी त्यांच्याच ओट्यापाशी उभी राहून हे शिकले.

आधी गोडाचं बघू. तुमच्या डब्यावर हिरवा ठिपका असेल, म्हणजे ते बिनअंड्याचं मेयोनीज, आणि आपल्याकडचं ते बहुतेक गोडच असतं. तिकडे दक्षिणेत पुष्कळ घरांत 'ड्यूक्स' नावाचं मेयोनीज वापरतात. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये 1917 साली सुरू झालेलं, साखर अजिबात नसलेलं. कार्डावरचा गोडवा येतो तो फक्त रेलिशमधून. मुलाला सांगा, सामानात एक सीलबंद बाटली टाक. (कच्च्या अंड्याचं मेयोनीज मात्र घरी करू नका.) तोवर सरावाला अंडं घातलेलं, कमीत कमी साखरेचं मेयोनीज शोधा. रेलिश घरी होतं: काकडी अगदी बारीक चिरा, मीठ लावून तासाभरानं घट्ट पिळा, थोडं व्हिनेगर, साखर आणि चिमूटभर मोहरीचे दाणे घालून आटवा.

आता अंडी. ताजी अंडी नीट सोलली जात नाहीत; ती आठवडाभर फ्रिजमध्ये राहू द्या. जुन्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो आणि पांढरं आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतं. कुकर नको. हिरवी कड म्हणजे बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक जास्त उष्णतेनं एकत्र आल्याची खूण. खायला अपाय नाही, पण ताटलीत बरं दिसत नाही. इडलीपात्रात पाणी खळखळ उकळलं की अंडी ठेवा, बारा मिनिटं वाफवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. वाफेत ठेवल्यानं साल सुटायलाही मदत होते. आदल्या रात्री अंडी ट्रेमध्ये आडवी ठेवलीत तर बलक मधोमध येण्याची शक्यता वाढते. ही युक्ती त्या आजींचीच.

कार्डावरचं मस्टर्ड म्हणजे बाटलीतलं पिवळं, सौम्य. आपली फेसलेली मोहरी घालायचा मोह मलाही व्हायचा, पण ती नाकात चढते आणि आजीची चव मागे पडते. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीची पूड चालेल, रंगापुरती. कोथिंबीर, हिरवी मिरची, चाट मसाला यांतलं काही नको. तसली अंडी दुसऱ्या दिवशी आपल्यासाठी जरूर करा.

आपली अंडी तिकडच्यापेक्षा लहान, म्हणून अर्धा कप मेयोनीज एकदम ओतू नका. बलक चाळणीतून दाबून मोकळा करा, आधी चार मोठे चमचे मेयोनीज घाला, मग लागेल तसं. सारण चमच्यावर उभं राहायला हवं. रेलिश शेवटी, पाणी निथळून. 'चवीनुसार' मस्टर्ड किती, ते त्या दिवशी सुनेलाच घालू द्या. ती चव तिच्या जिभेवर आहे.

नाशिकचा एप्रिल लक्षात घेऊन अंडी अर्धी कापून, सारण वेगळं झाकून, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे बसले की भरा, वर मिरचीपूड भुरभुरवा. तासाभरात ताटली रिकामी व्हायला हवी. उरलीच तर परत फ्रिजमध्ये.