अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्समधल्या खेळाडूचं करिअर नेमकं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की ब्रेडी, मॅनिंग, माहोम्स अशी क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्यांची) नावं भारतातही कानावर येतात, मग त्यांना अडवणाऱ्यांचं काय? त्यांना नाव-पैसा मिळतो का, किती वर्षं खेळता येतं, आणि एखाद्याचं उदाहरण देता येईल का?

उदाहरणावरूनच सांगतो, कारण सरासरीतून काही हाती लागत नाही. (खेळाडूंची संघटना सरासरी करिअर तीन-सव्वातीन वर्षांचं सांगते. झालं, संपलं उत्तर.) माझं उदाहरण म्हणजे जेम्स हॅरिसन. मी पिट्सबर्गला शिकायला आलो, इथेच नोकरी लागली आणि इथलाच झालो, त्यामुळे स्टीलर्सच्या, म्हणजे इथल्या संघाच्या बाबतीत माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

आधी खेळ थोडक्यात. चेंडू ज्यांच्याकडे असतो ते अकरा म्हणजे ऑफेन्स, अडवणारे अकरा म्हणजे डिफेन्स. चेंडूचा ताबा बदलला की दोन्ही संघ अख्खे अकराच्या अकरा बदलतात, म्हणजे डिफेन्सवाल्याला आयुष्यभर फक्त अडवायचंच असतं. ऑफेन्सला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. हॅरिसन होता आउटसाइड लाइनबॅकर. त्याचं मुख्य काम कडेने घुसून क्वार्टरबॅकला गाठणं. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू असतानाच त्याला लोळवलं की तो सॅक, आणि असल्या खेळाडूचा भाव सॅकवर ठरतो.

हॅरिसन १९७८ चा, ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा, चौदा भावंडांतलं शेंडेफळ. केंट स्टेटसारख्या मध्यम विद्यापीठातून खेळला आणि २००२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी कॉलेजमधली नवी पोरं निवडतात तो कार्यक्रम) त्याला कोणीच घेतलं नाही. सात फेऱ्यांत बत्तीस संघ मिळून अडीचशेहून जास्त पोरं उचलतात, त्यांत हा नाही. कारण साधं होतं. उंची सहा फूट, वजन एकशे दहा किलोच्या आसपास. रस्त्यात भेटला तर आपण बाजूला होऊ, पण त्याच्यासमोर उभा राहणारा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी कड राखणारा, साडेसहा फुटांच्या आसपास आणि एकशे चाळीस किलोचा असतो. शाळेतल्या मास्तरांसारखी पट्टी घेऊन बसलेल्या निवडकर्त्यांना हा गडी बुटका वाटला.

स्टीलर्सनी त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलं आणि पुढच्या दोन हंगामांत पुन्हा पुन्हा हातात नारळ दिला. मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी घेतलं, त्यांनी त्याला जर्मनीतल्या ऱ्हाइन फायर संघाकडे खेळायला धाडलं (तेव्हा एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगची, युरोपात वेगळी स्पर्धा चालायची, ती २००७ मध्ये बंद पडली) आणि परत आल्यावर त्यांनीही काढलं. यात सगळी चूक संघांची होती असं नाही. स्टीलर्सच्या डिफेन्सचे डावपेच किचकट. कोणी धावून जायचं आणि कोणी धावतोय असं दाखवून मागे सरकायचं, हे दर चालीला बदलणार. संघातला त्याचा जोडीदार जेम्स फॅरियरने नंतर सांगितलंय की सुरुवातीला हॅरिसनला डाव पाठ नसायचे, सराव चालू असताना मध्येच थांबून हात वर करायचा आणि मला बाहेर काढा म्हणायचा. असा माणूस प्रशिक्षक कशाला ठेवेल?

डिफेन्सचं करिअर समजून घ्यायचं तर खरी गोष्ट इथून पुढे आहे. २००४ च्या उन्हाळ्यात स्टीलर्सच्या क्लार्क हॅगन्सचा हात वजनं उचलताना मोडला. जागा रिकामी झाली, म्हणून हॅरिसनला पुन्हा बोलावणं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या सामन्याआधी, सराव चालू असतानाच, स्टीलर्सचा स्टार जोई पोर्टर समोरच्या विल्यम ग्रीनशी मारामारी करून बसला. दोघांनाही सामना सुरू व्हायच्या आधीच बाहेर काढलं. पोर्टरच्या जागी कोण? हॅरिसन. कारकिर्दीत पहिल्यांदा तो सुरुवातीपासून खेळला तो हा सामना. पुढे २००७ च्या मार्चमध्ये संघाने पोर्टरला सोडलं तेव्हा कुठे त्याला हक्काची जागा मिळाली. वय अठ्ठावीस, पूर्ण एकोणतीसही नाही, पण या खेळात त्या वयात बरेच जण घरी बसलेले असतात.

क्वार्टरबॅकच्या बाबतीतही असं होतं, पण तिथे संघ वर्षानुवर्षं एका माणसाभोवती बांधतात. डिफेन्समध्ये माणूस बदलता येतो असंच धरून चालतात. करारातला बराचसा पैसा हमीचा नसतो. काढलं की उरलेल्या वर्षांवर पाणी. त्यामुळे दुसऱ्याचा मोडलेला हात हीच तुमची नोकरीची जाहिरात, आणि तुमचा मोडला की ती दुसऱ्या कोणाची तरी.

जागा मिळाल्यावर मात्र त्याने कोणाला पुन्हा विचार करू दिला नाही. ५ नोव्हेंबर २००७, सोमवारची रात्र, समोर रेव्हन्स, म्हणजे त्याला जर्मनीला धाडून मग काढणारेच. त्या दिवशी स्टीलर्स आपला पंचाहत्तरावा हंगाम साजरा करत होते आणि जुने दिग्गज मैदानावर हजर होते. हॅरिसनने साडेतीन सॅक केले, तीनदा समोरच्याच्या हातातून चेंडू उडवला, एक झेल पळवला, एक सांडलेला चेंडू उचलला. निकाल ३८-७. आम्ही चौघं रूममेट जुन्या टीव्हीसमोर बसलो होतो. त्यातला कोल्हापूरचा गडी, फुटबॉलचा ओ की ठो न कळणारा, पण लहानपणी तालमीत गेलेला, तो एकदम म्हणाला, "अरे, हा पटात घुसतोय!" इतके दिवस मला जे नीट कळत नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. समोरचा साडेसहा फुटी माणूस खांदे खाली आणेपर्यंत हॅरिसन त्याच्या छातीखाली गेलेला असायचा आणि मग ते एकशे चाळीस किलो मागे मागे, थेट स्वतःच्याच क्वार्टरबॅकच्या अंगावर. निवडकर्त्यांना खटकलेली उंची कामाला आली ती अशी.

२००८ मध्ये १६ सॅक, तेव्हाचा स्टीलर्सचा एका हंगामाचा विक्रम. सातदा चेंडू उडवला. वर्षातला सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू ठरला, आणि ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, त्रेचाळिसावा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), समोर अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. ही एक चाल नीट सांगतो, कारण डिफेन्सवाल्याच्या डोक्यात काय चालतं ते तिच्यात दिसतं. पहिला अर्ध संपायला अठरा सेकंद. स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण कार्डिनल्स एक यार्डावर येऊन ठेपलेले. हात लांब केला की टचडाउन, म्हणजे चेंडू गोल लाइनपलीकडे नेऊन गुण. हॅरिसनला सांगितलेलं काम होतं थेट त्यांच्या क्वार्टरबॅकवर, कर्ट वॉर्नरवर जायचं. त्याने हिशेब केला: वेळ कमी आहे, वॉर्नर चेंडू हातात ठेवणार नाही, झटकन आतल्या बाजूला टाकेल, मी पोचेपर्यंत चेंडू गेलेला असेल. म्हणून त्याने पुढे येण्याचा आव आणला आणि मागे सरकला. वॉर्नरला तो दिसलाच नाही. अँक्वान बोल्डिनसाठी टाकलेला चेंडू गोल लाइनवर हॅरिसनच्या हातात.

आता अशा वेळी शहाणा माणूस चेंडू घेऊन खाली बसतो. दहा-सातची आघाडी आहे, अर्ध संपतंय, झालं. हा पळत सुटला. एकशे दहा किलोचा, वरून पॅड, हेल्मेट, आणि पुढे शंभर यार्ड. त्याचे साथीदार आडव्या येणाऱ्यांना एकेक करून पाडत होते. कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड कडेने सुसाट मागे आला, पण रेषेबाहेरून धावताना तिथे उभ्या असलेल्या आपल्याच संघाच्या अँट्रेल रोलवर आदळला आणि त्याचं पाऊलभर अंतर गेलं. तेवढं पुरलं. फिट्झजेराल्डने अगदी शेवटी गाठलं तेव्हा हॅरिसन डोक्यावर आपटत एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनपलीकडच्या पट्ट्यात पडला. घड्याळात शून्य. पंचांनी रीप्ले पाहून टचडाउन कायम ठेवला. हॅरिसन तिथेच उताणा पडून राहिला, नंतर बाजूला बसवून त्याला ऑक्सिजन दिला. १४-१० अशी पिछाडी होण्याऐवजी मध्यंतराला १७-७. सामना शेवटी २७-२३ ने जिंकला, म्हणजे त्या सात गुणांशिवाय काय झालं असतं ते तुम्हीच बघा. सामनावीर कोण? सँटोनियो होम्स, शेवटच्या मिनिटात टचडाउनचा झेल घेणारा. ऑफेन्सवाला. झेल अप्रतिम होता, वाद नाही, पण नावं ऑफेन्सचीच का ऐकू येतात या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ट्रॉफीत आहे.

पैशाचं म्हणाल तर त्याच वर्षी सहा वर्षांचा, ५ कोटी १० लाख डॉलरहून जास्तीचा करार झाला. त्यातले साधारण दोन कोटी हमीचे. उरलेले वर लिहिल्याप्रमाणे 'जमलं तर'. २०१३ मध्ये संघ म्हणाला पगार कमी करून घे, तो नाही म्हणाला, आणि पुन्हा नारळ.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती फक्त त्याच्यापुरती नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये क्लीव्हलँडच्या मोहम्मद मॅसक्वाला मारलेल्या धडकेबद्दल त्याला ७५,००० डॉलर दंड झाला (नंतर ५०,००० वर आणला). त्याच सामन्यात त्याच्या टॅकलने बेशुद्ध पडलेला जॉश क्रिब्स तर केंट स्टेटमधला त्याचाच जुना साथीदार. हॅरिसन रागावून खेळ सोडतो म्हणाला, एक दिवस सरावाला आला नाही आणि मग परतला. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयला हेल्मेटने हेल्मेटवर मारल्याबद्दल एका सामन्याची बंदी. मकॉय डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत खेळायला उतरला होता. त्यावरून इतका गदारोळ झाला की लीगने प्रत्येक सामन्याला वर बसून दुखापतींवर नजर ठेवणारा वैद्यकीय माणूस नेमला.

माझं मत विचाराल तर बंदी योग्यच होती. मेंदूच्या दुखापतीचं प्रकरण याच शहरात उघडकीला आलंय: स्टीलर्सचाच माईक वेबस्टर २००२ मध्ये गेला आणि इथल्या डॉ. बेनेट ओमालूंनी त्याच्या मेंदूत झालेली झीज दाखवून दिली. पण लीगचा साळसूदपणा मला तेव्हाही पचला नाही. मॅसक्वावरच्या ज्या धडकेला दंड ठोकला, तिचाच फोटो लीगच्या अधिकृत दुकानात विक्रीला होता. बोंबाबोंब झाल्यावर काढून टाकला. आठ वर्षं जे केल्याबद्दल पगार मिळाला तेच नवव्या वर्षी गुन्हा ठरतं, तेव्हा पस्तिशीकडे झुकलेल्या माणसाने शरीराची सवय एका आठवड्यात कशी बदलायची? हा प्रश्न डिफेन्सच्या प्रत्येकाला पडला, क्वार्टरबॅकला कधीच पडत नाही. नियम त्याच्या रक्षणासाठीच बदलतात.

स्टीलर्सनी काढल्यावर एक हंगाम सिनसिनाटीला काढून सप्टेंबर २०१४ च्या सुरुवातीला त्याने निवृत्ती जाहीर केली. तीन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात स्टीलर्सच्या जार्व्हिस जोन्सचं मनगट दुखावलं. फोन कोणाला गेला असेल सांगायला नको. २०१६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, जेसन गिल्डनचा ७७ सॅकचा स्टीलर्सचा विक्रम त्याने मोडला. स्टीलर्ससाठी ८०.५, एकूण ८४.५ वर थांबला. पाच वेळा प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना), दोन सुपर बोलच्या अंगठ्या.

२०१७ मध्ये संघाने पहिल्या फेरीत टी. जे. वॉट नावाचा पोरगा घेतला आणि हॅरिसन बाकावर गेला. या वेळी वाटेत उभा असलेला म्हातारा तोच होता. नाताळच्या दोन दिवस आधी त्याला सोडलं, आणि नाताळ झाल्यावर लगेच तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे, म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी शत्रूकडे. ऑफिसात तेव्हा वातावरण असं होतं की जणू घरच्या माणसाने शेजाऱ्याला जमीन विकली. पेट्रियट्सबरोबर सुपर बोलपर्यंत गेला, फिलाडेल्फियाकडून ४१-३३ ने हरला आणि त्या एप्रिलमध्ये कायमचा थांबला. स्टीलर्सचा सॅकचा विक्रम २०२३ मध्ये त्याच वॉटने मागे टाकला.

कुठून बघायला सुरुवात करू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. शंभर यार्डांची धाव कुठेही सापडेल, ती बघाच. पण त्यानंतर जानेवारी २०१७ चा कॅन्सस सिटीविरुद्धचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना शोधा. शेवटची तीनेक मिनिटं, स्टीलर्स १८-१६ ने पुढे, कॅन्सस सिटी टचडाउननंतर मिळणारा दोन गुणांचा प्रयत्न करून बरोबरी साधते आणि तेवढ्यात पंचांचं पिवळं फडकं, म्हणजे नियमभंगाची खूण, पडलेलं दिसतं. पहिल्यांदा सगळे चेंडूकडे बघतात. दुसऱ्यांदा चाल लावून क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताच्या कडेला बघा: अडतीस वर्षांचा हॅरिसन लेफ्ट टॅकल एरिक फिशरच्या बगलेखालून वळतोय आणि फिशरला त्याला गळ्याभोवती हात टाकून धरण्यावाचून गत्यंतर उरलेलं नाही. प्रयत्न रद्द, पुढचा फसला, सामना स्टीलर्सचा. या चालीबद्दल हॅरिसनच्या नावावर आकडेवारीत काहीच नाही, ना सॅक ना टॅकल.