म्हैसूरचा दसरा: चार दिवसांच्या मुक्कामात काय पाहावे आणि कसे पाहावे?

तुम्ही विचारले आहे की, सत्तरीच्या घरातल्या आई-बाबांना घेऊन तुम्ही दोघे दसऱ्याच्या सुमारास चार दिवसांसाठी पुण्याहून म्हैसूरला जात आहात, तर हत्तींच्या मिरवणुकीखेरीज तेथे काय पाहावे, कोणते कार्यक्रम निवडावेत आणि दमछाक न होता या सणाचा आनंद कसा घ्यावा. मी गेल्या काही वर्षांत तीन वेळा नवरात्रात म्हैसूरला राहिलो आहे आणि त्यांपैकी दोन वेळा माझी आई बरोबर होती, त्यामुळे जे अनुभवले तेवढेच सांगतो.

माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की, शक्य असल्यास तुमचा मुक्काम विजयादशमीला सुरू न करता विजयादशमीला संपेल असा ठेवा. बहुतेक लोक केवळ मिरवणुकीच्या दिवशी गावात येतात, गर्दीत उभे राहतात आणि रात्री परततात. परंतु हा उत्सव मुळात दहा दिवसांचा आहे आणि त्याची खरी गोडी आधीच्या संध्याकाळींमध्ये आहे. पहिल्या वर्षी आम्हीही हीच चूक केली. आईला घेऊन सयाजीराव रस्त्याच्या कडेला सकाळपासून थांबलो, दुपारी पावसाची एक सर अंगावर घेतली आणि अखेर समोरच्या माणसांच्या खांद्यांमधून अंबारीचा कळस तेवढा दिसला. आई काही बोलली नाही, पण तिच्या पायांना आलेली सूज मला आजही आठवते.

दिवसभराची आखणी करताना एक साधा नियम पाळावा: सकाळी एकच ठिकाण, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळ राजवाड्यासाठी राखीव. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटचा जाच तेथे फारसा होत नाही, मात्र या महिन्यात संध्याकाळी विजांसह पाऊस पडणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून प्रत्येकाजवळ छत्री आणि बसायला प्लास्टिकचा एखादा कागद असू द्यावा.

राजवाड्यासमोरच्या पटांगणात नवरात्रात रोज संध्याकाळी संगीत आणि नृत्याचे कार्यक्रम होतात, आणि मला विचाराल तर म्हैसूरला जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. आम्ही गेलो तेव्हा या कार्यक्रमांना तिकीट नव्हते. रंगमंचाच्या मागे अंबाविलास राजवाडा उभा असतो. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नसमारंभाच्या काळात लागलेल्या आगीत जळाल्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार आजची वास्तू बांधली गेली आणि ती १९१२ मध्ये पूर्ण झाली. अंधार पडल्यावर तिच्या कमानींवर, घुमटांवर आणि मनोऱ्यांवर लावलेले जवळजवळ एक लाख दिवे एकाच क्षणी उजळतात. हे दिवे पांढरे झगझगीत नसून जुन्या पिवळसर बल्बचे आहेत, त्यामुळे सगळी वास्तू समईच्या उजेडात न्हाल्यासारखी दिसते. तो क्षण चुकवू नका. त्यासाठी सूर्यास्तापूर्वीच जागा धरावी आणि आई-बाबांना खुर्च्या मिळतील अशा बाजूला बसवावे.

गाणे ऐकणाऱ्या मराठी माणसाला या पटांगणात बसण्याचे आणखी एक कारण आहे. म्हैसूर दरबार कर्नाटक संगीताचा, विशेषतः वीणावादनाचा, मोठा आश्रयदाता होता आणि प्रसिद्ध वीणावादक वीणा शेषण्णा येथलेच. पण हिंदुस्थानी गायकांनाही या दरबाराने तितक्याच आदराने बोलावले. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूरला गायला जात असत आणि जाता-येता धारवाडला त्यांचा मुक्काम पडत असे. धारवाड-हुबळीच्या भागात किराणा गायकी रुजली, त्यामागे या प्रवासांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या वर्षी त्या पटांगणात एका संध्याकाळी वीणा ऐकताना माझ्या मनात सारखे हेच येत होते की, आपण सवाई गंधर्व महोत्सवात ज्या परंपरेचे गाणे ऐकतो, तिच्या वाटेवरचा एक मुक्काम हा आहे. कार्यक्रमपत्रिका सहसा उत्सवाच्या थोडेच दिवस आधी जाहीर होते, म्हणून आधीपासून कलाकारांच्या नावांवर बेत न आखता रोज सकाळी वर्तमानपत्र पाहून संध्याकाळ ठरवावी. तरुणांसाठी चित्रपटगीतांचे मोठे कार्यक्रम स्वतंत्र मैदानावर होतात; तेथील गर्दी आणि आवाज पाहता आई-बाबांना घेऊन तेथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हत्तींविषयी. मिरवणुकीतले हत्ती काही आठवडे आधीच जंगलातल्या छावण्यांतून राजवाड्याच्या आवारात येऊन राहतात. तेव्हापासून त्यांना मिरवणूक जेथे संपते त्या बन्नीमंटप मैदानापर्यंतच्या रस्त्याने चालवत नेण्याचा सराव सुरू होतो. पाठीवर वाळूची पोती ठेवून ओझ्याची सवय केली जाते, नंतर लाकडी अंबारी चढवून पाहतात, आणि तोफांच्या आवाजाने ते बुजू नयेत म्हणून त्यांच्यासमोर तोफा उडवण्याचीही तालीम होते. तुम्ही दसऱ्याच्या तीन-चार दिवस आधी पोहोचलात, तर सरावाची वेळ स्थानिक लोकांना विचारून घ्या आणि सकाळी लवकर रस्त्यावर उभे राहा. प्रत्यक्ष मिरवणुकीत पन्नास फुटांवरूनही नीट न दिसणारा हत्ती तेथे दहा-पंधरा फुटांवरून शांतपणे चालत जातो, माहूत त्याच्याशी बोलत असतो आणि पायातल्या साखळीचा आवाज ऐकू येतो. माझ्या आईला सगळ्या सहलीत सर्वांत जास्त आवडली ती ही सकाळ.

सोन्याने मढवलेल्या अंबारीचे वजन सुमारे ७५० किलो आहे. पूर्वी तिच्यात महाराज स्वतः बसत असत, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. हे ओझे पेलत, वाद्यांच्या आणि माणसांच्या गजरात सुमारे पाच किलोमीटर न डगमगता चालणारा हत्ती सहज मिळत नाही, म्हणून अंबारी वाहणाऱ्या हत्तीचे नाव म्हैसूरच्या घराघरांत माहीत असते. अर्जुन नावाच्या हत्तीने २०१२ पासून आठ वर्षे हा मान सांभाळला आणि २०२० पासून तो अभिमन्यूकडे गेला. डिसेंबर २०२३ मध्ये रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेवर असताना अर्जुनचा मृत्यू झाला, तेव्हा त्या शहरातली माणसे घरातले कोणी गेल्यासारखी हळहळली होती. लॉजच्या मालकांनी मला अर्जुनविषयी सांगताना भिंतीवर लावलेला त्याचा फोटो दाखवला होता.

एका सकाळी जगनमोहन राजवाड्यातले कलादालन आवर्जून पाहावे, आणि मराठी माणसाने तर ते पाहिल्याशिवाय परतूच नये. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, त्यामुळे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे प्रसिद्ध चित्र तेथे आहे तेही रविवर्म्याचेच असे अनेक जण समजून चालतात. ते चित्र आपल्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. त्यांच्या मुलीने त्यासाठी उभे राहून दिले होते आणि ते तैलरंगात नसून जलरंगात आहे. ज्याने कधी जलरंग हाताळले आहेत त्याला कळेल की, एकदा बसलेला रंग येथे पुसून नव्याने लावता येत नाही. उजेड हवा असेल तेथे कागद आधीपासूनच राखून ठेवावा लागतो. ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांच्या फटींतून लालसर झालेला प्रकाश, चेहऱ्यावर पडलेली त्याची आभा आणि साडीच्या काठावर मावळत जाणारा उजेड हे सगळे एका कागदावर पाण्याने साधले आहे, हे लक्षात आले की पाय तेथून हलत नाहीत. आम्ही तेथे अर्धा तास उभे होतो. हे दालन राजवाड्यापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. सकाळी उघडताच गेल्यास गर्दी नसते.

मुख्य राजवाडा आतून पाहायचा असेल तर एक काळजी घ्यावी. नवरात्रात राजघराण्याचे खासगी विधी तेथे होत असतात, म्हणून काही दिवशी किंवा काही तास प्रवेश बंद असतो. आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा, आणि विजयादशमीचा दिवस तर यासाठी धरूच नये. सोन्याचे सिंहासन मात्र केवळ दसऱ्याच्या काळातच जोडून ठेवले जाते, त्यामुळे योग्य दिवस साधला तर ते पाहण्याची संधी मिळते. आत चपला काढाव्या लागतात. आई-बाबांसाठी मोजे बरोबर घ्या, फरशी गार असते.

चामुंडी टेकडीवर पायऱ्यांनी जाण्याचा आग्रह तुमच्या आई-बाबांना करू नये, कारण त्या सुमारे एक हजार आहेत. सर्वांनी गाडीने वर जाऊन देवीचे दर्शन घ्यावे आणि उतरताना वाटेतला एकाच दगडातून कोरलेला भव्य नंदी पाहावा. तेथपर्यंत गाडी जाते. उत्सवाचे उद्घाटन याच टेकडीवर देवीवर फुले वाहून होते. श्रीरंगपट्टणला पहिल्या राजा वाडियार यांनी १६१० मध्ये सुरू केलेली ही परंपरा विजयनगरच्या महानवमीचा वारसा सांगते, आणि हंपीला तुम्ही महानवमीचा तो उंच चौथरा पाहिला असेल तर इथले संचलन पाहताना दोन्हींचा सांधा आपोआप जुळतो.

बाजारात फिरायचे असेल तर देवराज मार्केट. म्हैसूर मल्लिगे म्हणजे येथला मोगरा, विड्याची पाने, नंजनगूडची रसबाळे केळी आणि कुंकवाचे रंगीत ढीग यांत तासभर कसा जातो ते समजत नाही. शेजारचा सयाजीराव रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या आपल्याच माणसाचा. म्हैसूर पाक राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा यांनी प्रथम केला असे तेथे सांगतात. तो ताजा, गरम असतानाच खावा, कारण डबाबंद पाकाशी त्याची तुलना होत नाही. प्राणिसंग्रहालय आणि वृंदावन उद्यान तुम्ही आधी पाहिले असेल तर या वेळी सोडून द्या. त्याऐवजी अर्धा दिवस काढून सुमारे पस्तीस किलोमीटरवरच्या सोमनाथपूरला जा. १२५८ मध्ये बांधलेले तेथले होयसळ केशव मंदिर लहान आहे, आवार सपाट आहे आणि वयस्कर माणसांना भिंतीवरचे शिल्पपट सावकाश पाहता येतात.

घरोघरी मांडलेल्या बाहुल्या पाहण्याची संधी मिळाली तर ती घ्या. रक्तचंदनाच्या लाकडाची राजा-राणीची जोडी, जिला पट्टद गोंबे म्हणतात, आई आपल्या मुलीला लग्नात देते आणि नवरात्रात तिची पूजा मांडली जाते. आमच्या लॉजच्या मालकीणबाईंनी आम्हाला घरी बोलावून त्यांच्या आजीच्या काळातली जोडी दाखवली, तेव्हा आईने त्यांना भोंडल्याची दोन गाणी म्हणून दाखवली. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती आणि तरीही दोघी तासभर बोलत होत्या. कुस्तीची आवड असेल तर दसऱ्याच्या कुस्त्या पाहाव्यात; लाल मातीचा आखाडा आणि हलगीसारखा वाद्यांचा ठेका पाहून बाबांना कोल्हापूरच्या खासबागेची आठवण येईल.

विजयादशमीच्या दिवशी मात्र निर्णय स्पष्ट असावा. बैठकीची तिकिटे किंवा पास मिळाले तरच आई-बाबांना मिरवणुकीला न्यावे. ते ऑनलाइन विक्रीला येतात आणि लवकर संपतात, म्हणून जाहीर होताच घ्यावेत. न मिळाल्यास ती मिरवणूक त्यांनी खोलीतल्या दूरदर्शन संचावर पाहावी आणि तुम्ही दोघांनी रस्त्यावर उभे राहावे. त्या दिवशी मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे निवास राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे गरजेचे आहे. नवरात्रात खोल्यांचे भाडे वाढते, म्हणून दोन महिने आधी आरक्षण करून लेखी पोहोच घ्यावी. आमचे एक आरक्षण ऐन वेळी रद्द झाले होते आणि लेखी काही नसल्यामुळे आम्हाला काहीच करता आले नाही.

मिरवणूक जेथे संपते त्या बन्नीमंटपाच्या नावातली बन्नी म्हणजे आपली शमी. राजे तेथे शमीपूजनाला जात, आणि आपण आपट्याची पाने वाटतो तशी कर्नाटकात बन्नीची पाने देतात. रात्री त्याच मैदानावर मशालींचे संचलन होते, ज्यात घोडेस्वार आणि मशालधारी पथके अंधारात आकृत्या रचतात. त्यासाठीही तिकीट आधी काढावे लागते. परतीचे आरक्षण एक-दोन दिवस पुढचे मिळाले, तर हत्तींच्या निरोपाची चौकशी जरूर करा. राजवाड्याच्या आवारात त्यांची पूजा होते, ऊस आणि गूळ भरवतात, आणि मग एकेक हत्ती ट्रकमध्ये चढून छावणीकडे परत जातो. आई-बाबांना त्यासाठी सावलीत एक खुर्ची मिळवून द्या.