दोन किलोमीटरनंतर धाप लागते, तर चाळिशीत हाफ मॅरेथॉन जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वय ४० आहे, काम बैठं आहे आणि दोन किलोमीटर पळालं की धाप लागून थांबावं लागतं. मग २१ किलोमीटरचं स्वप्न बघावं का, बाईच्या शरीराला हे झेपतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी साताऱ्याची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ३९व्या वर्षी पळायला लागले आणि १४ महिन्यांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. तेव्हा जमेल, नक्की जमेल. पण धाप का लागते ते आधी शोधा. माझ्या धापेची कारणं दोन निघाली आणि दोन्हींचा वयाशी काही संबंध नव्हता.

पहिलं कारण वेग. आपल्याला पळणं माहीत असतं ते शाळेतलं, शंभर मीटरचं. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं. मी शाहू स्टेडियमवर पहाटे तशीच पळायचे. दोन फेऱ्या झाल्या की छाती भरून यायची, मग बाकावर बसायचं आणि घरी परत. महिनाभर हेच चाललं. एके दिवशी पळताना आईचा फोन आला. तिला बँकेच्या पासबुकाचं काहीतरी विचारायचं होतं. ती लवकर फोन ठेवत नाही, म्हणून मी बोलत बोलतच पळत राहिले. बोलायचं होतं म्हणून पाय आपोआप हळू पडत होते. फोन ठेवला तेव्हा पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि मी थांबलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी एकच नियम पाळला, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने पळायचं. सुरुवातीला हा वेग किलोमीटरला साडेनऊ मिनिटं होता. भरभर चालणारी माणसं जवळजवळ बरोबर असायची. त्याची लाज वाटू देऊ नका. या वेगात शरीर प्राणवायू वापरून चरबी जाळायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. लांब पल्ल्याचं सगळं बळ इथेच तयार होतं. दम लागेपर्यंत पळून ते लवकर येत नाही, उलट माणूस कंटाळून सोडून देतो.

दुसरं कारण रक्तात होतं. हळू पळूनही सहा किलोमीटरच्या पुढे पाय ओढल्यासारखे व्हायचे, जिना चढताना छातीत धडधडायचं. मला वाटायचं शाळा, घर, झोप कमी, म्हणून होत असेल. शेवटी तपासणी केली तर हिमोग्लोबिन ९.१. बाईचं किमान १२ तरी हवं. रक्तच प्राणवायू वाहून नेतं, ते कमी असेल तर फुप्फुसांनी कितीही जोर लावला तरी स्नायूंपर्यंत पोचणार किती? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त जणी. आणि आपण मात्र ‘मला झेपत नाही’ म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतो. याचं मला आजही फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा घेणं बंद करायला सांगितलं, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. चार महिन्यांनी आकडा १२.३ झाला. त्यानंतरचं पळणं म्हणजे जणू कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं होतं.

अंगात बळ आलं तशी मी चूक केली. आठवड्याला १४ किलोमीटर पळत होते, ते एकदम २६वर नेलं. पंधरा दिवसांत दोन्ही नडग्या ठणकायला लागल्या, बोट लावू देईनात. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. तीन आठवडे पळणं बंद ठेवलं, पोटऱ्यांचे व्यायाम केले आणि मग दर आठवड्याला जेमतेम दीड-दोन किलोमीटर वाढवत गेले.

आमची स्पर्धा घाटाची आहे. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट सुरू होतो, तो चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत. पावसाळ्याचे दिवस, धुकं इतकं की पुढच्याची पाठ तेवढी दिसावी. चढावर मी सरळ चालले. खरी परीक्षा उतारावर असते. दम लागत नाही म्हणून माणूस सुटतो, पण प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावत असतात आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये दगड होतात. घाटात सराव करणार असाल तर उतरण्याचाही करा. खाली गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, लेझीम चालू होतं, आमच्या शाळेची चार मुलं ‘बाई, बाई’ करत बाजूने पळाली. २ तास ५८ मिनिटं लागली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा १९८४ साली झाली. तेव्हा मी दोन वर्षांची होते, आणि आईच्या पिढीतल्या बाईने रस्त्यावर पळणं कुणाच्या मनातही नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. झेपतं का विचारता, म्हणून सांगितलं.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची आहे, तिथे पैसे वाचवू नका. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. पावसात ओले कपडे घासून कातडी सोलते, काखेत आणि मांड्यांना आधीच खोबरेल तेल लावा. पहाटे कुत्री दिसली की पळू नका, चाला. शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने निघा.

मला चौदा महिने लागले, त्यातला बराच वेळ रक्त भरून येण्यात आणि नडगीत गेला. तुम्ही आधी रक्त तपासून घ्या, आणि रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा काही इतिहास असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. हिमोग्लोबिनचा आकडा इथे कळवा, म्हणजे पहिल्या आठ आठवड्यांचं पळणं कसं ठेवायचं ते मी सविस्तर लिहीन.