24×36 इंची फ्रॅक्टल (गणिती सूत्रातून संगणकाने काढलेली नक्षी) छापायचंय. स्क्रीनशॉट मोठा करून चालेल का?
नाही चालणार, 300 डीपीआयसाठी (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 7200×10800 पिक्सेलचं चित्र नव्यानेच रेंडर करा, म्हणजे सूत्रावरून पुन्हा काढून घ्या, केंद्र आणि झूम तेच ठेवून. फ्रॅक्टलचा तपशील सूत्रातून निघतो. 1920×1080 च्या स्क्रीनशॉटमध्ये तो नसतोच, मग ताणून येणार कुठून? जमलं तर दुप्पट आकारात काढून निम्म्यावर आणा, बारीक तंतूंच्या कडांना पायऱ्या दिसत नाहीत. कोल्हापुरात माझं डिजिटल प्रिंटिंगचंच काम आहे, म्हणून सांगतो: पीएनजी किंवा टिफ फाइल पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडलीत की आक्रसलीच! स्क्रीनवरचा झगझगीत निळा शाईत मळकट उतरतो, आधी ए4 वर नमुना काढून बघा. चौकातला, लांबून बघायचा फ्लेक्स असेल तर मात्र 72 डीपीआयही पुरतं.