टीनएजर मुलांच्या आईबाबांनी काय वाचावं, आणि वाचलेलं घरी कसं बोलावं

मुलगी तेरा वर्षांची झाली आणि अचानक दार लावून बसायला लागली, काही विचारलं की "नथिंग", आता आम्ही वाचावं तरी काय, असं मला इथे परदेशात राहणारे बरेच आईबाबा विचारतात. वाचा, नक्की वाचा, पण एका वेळी एकच पुस्तक घ्या.

सुरुवात मेंदूपासून करा. फ्रान्सिस जेन्सन ह्या न्यूरॉलॉजिस्ट आहेत आणि स्वतः दोन मुलग्यांची आई, त्यांचं 'द टीनएज ब्रेन' 2015 मध्ये आलं. थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, हे एकदा नीट कळलं ना की "एवढा मोठा झालास तरी अक्कल नाही" हे वाक्य तोंडातच अडकतं. झोपेचंही तसंच, वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं म्हणून त्यांना लवकर झोप येतच नाही, तो माज नसतो, आणि गरज तर 8 ते 10 तासांची असते. हे समजल्यावर आमच्याकडचे सकाळचे निम्मे वाद थांबले.

मुलगी असेल तर लिसा डॅमूर या मानसशास्त्रज्ञांचं 'अनटँगल्ड' (2016) घ्याच. त्यात स्विमिंग पूलचं उदाहरण आहे, मुलगी पोहणारी आणि आईबाबा म्हणजे पूलची भिंत, दमली की ती येऊन भिंतीला धरते आणि ताकद आली की त्याच भिंतीला पाय मारून लांब जाते. तो पाय लागतो हो, काल रात्री मांडीवर डोकं ठेवून बोललेली पोर आज सकाळी बघतसुद्धा नाही तेव्हा फार लागतो, पण ती परत पोहायला निघाली आहे एवढंच त्याचं कारण असतं.

बोलायचं कसं, यासाठी अ‍ॅडेल फेबर आणि इलेन मॅझलिश यांचं टीनएजर्सवरचं 2005 चं 'हाऊ टू टॉक सो टीन्स विल लिसन' चांगलं आहे, मुलांची भावना आधी ऐका, उपाय नंतर. पण इथे आपल्या घरांत एक गोष्ट होते. एकदा माझी लेक शाळेतून आली, गाडीत बसली, बॅग पायाशी टाकली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं होतं. मी वाचलेलं इंग्लिश वाक्य जसंच्या तसं म्हटलं तर ती म्हणाली, "आई, हे तू कुठेतरी वाचलंयस ना?" मी गप्प झाले. थोड्या वेळाने सिग्नलला थांबल्यावर मला सहज विचारावंसं वाटलं, "फार लागलं का गं बाळा?" आणि ती रडायलाच लागली.

तेव्हापासून मी सांगते, पुस्तक इंग्लिशमध्ये वाचा पण घरी बोलताना ते आपल्या मराठीत आणा. परदेशात आपली मराठी हळूहळू फक्त आवर, जेव, फोन ठेव, अभ्यास कर एवढीच उरते, आणि मग मुलांना ती रागवायचीच भाषा वाटते. मनाला लागणं, जीव घाबरा होणं, कोणी दुरावणं, हे शब्द त्यांच्या कानावर पडले पाहिजेत, ती उत्तर इंग्लिशमध्ये देतील, देऊ देत, तिथे टोकू नका प्लीज.

आणि बाबांनीही वाचा. फक्त आईने वाचलं तर घरात दोन वेगवेगळे नियम होतात आणि मुलं बरोबर त्याच फटीतून निसटतात. वेळ नसेल तर ऑडिओबुक लावा, ऑफिसला जाता-येता ऐकून होतं.

एक मात्र कळकळीने सांगते. दोन आठवडे झाले तरी मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, मित्र सोडले, आवडीचं सगळं सोडलं, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा शाळेतल्या काउन्सेलरकडे जा. आणि स्वतःला इजा करायचं, जगायचं नाही असं काही बोललं तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी जा, मुलाला एकटं सोडू नका. घरातली गोष्ट बाहेर कशाला सांगायची, हा विचार त्या दिवशी करू नका.