एसटी खासगी झाली म्हणून गावची गाडी बंद पडली का?

विकली म्हणाल तर नाही. महामंडळ आजही राज्य सरकारचंच आहे. पण तुमच्या गावची गाडी बंद होण्यामागे खासगीकरण नाही, असंही मी म्हणणार नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी धावली. त्याआधी मालकाच्या मर्जीने, भरली की सुटणाऱ्या गाड्या होत्या. सरकारने मार्ग ताब्यात घेतले, टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्याथांब्यावर तिकीट देऊन प्रवासी चढवणं-उतरवणं, एसटीची झाली. हिशोब साधा होता. सोलापूर-पुणे कमवायची आणि त्यावर अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या खेड्यांतल्या मुक्कामी गाड्या पोसायच्या. रात्री मुक्कामाला येणारी, पहाटे दुधाचे कॅन आणि पासवाल्या पोरी घेऊन निघणारी ती गाडी. डिझेलचेसुद्धा पैसे सुटत नाहीत तिचे.

मग हायवेवर ट्रॅव्हल्स आल्या. परवाना करारावरच्या वाहतुकीचा, म्हणजे अख्खी गाडी ठरवून नेण्याचा, पण पुलाखाली थांबून 'पुणे पुणे' ओरडत सीट भरतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. कमाईचा रस्ता तिथेच अर्धा गेला. माझ्या मते खरं खासगीकरण हेच, आणि ते शिवशाहीच्या कितीतरी आधीचं. (शिवशाही, म्हणजे एसटीच्या वातानुकूलित गाड्या, त्यातल्या काही खासगी मालकांकडून भाड्याने घेतलेल्या, आली २०१७ ला.)

आता भाड्याच्या ई-बसमध्ये गाडी कंपनीची, चालकही कंपनीचा. एसटी किलोमीटरमागे ठरलेले पैसे मोजते, मग गाडी भरून जावो की रिकामी. म्हणजे तोट्याची धास्ती एसटीकडेच.

एसटी कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या संपात सरकारने खासगी गाड्यांना प्रवासी न्यायची मुभा दिली होती. पुण्याला जायला गाड्या मिळायच्या. आत खेड्यात मात्र वडाप, तेही जीपवाल्याच्या मनात असेल तेव्हा. आषाढीला पंढरपुरात राज्यभरातून पाच हजारांच्या घरात जादा गाड्या येतात, त्या एसटीच्याच. इतक्या गाड्या एका हुकमावर आणणारा ट्रॅव्हल्सवाला मी तरी पाहिलेला नाही.

तुमच्या गाडीचं म्हणाल, तर आगारात भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचा आकडा, दाखवून 'परवडत नाही' म्हणतील. एकट्याने अर्ज करू नका. ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा-कॉलेजच्या पासधारक मुलांची नावं घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, आणि शाळेच्या वेळेची एकच फेरी मागा. दोन मागितल्या की विषय लांबतो.