चेंबर क्वायर (छोटा गायकवृंद) आणि तंतुवाद्यांच्या मैफलीत नेमके काय ऐकावे?

आयुष्यभर रागसंगीत ऐकलेल्या माणसाने जर्मनीत काम केलेल्या बुक्सटेहूड या संगीतकाराच्या ‘मेम्ब्रा येझू नोस्त्री’ (‘आपल्या येशूचे अवयव’) या रचनेला जाताना कान कशाकडे ठेवावेत, असे आपण विचारले आहे. पुण्यातल्या एका छोट्या गायकवृंदात मी आल्टो, म्हणजे स्त्रियांचा खालच्या पट्टीचा आवाज, गाते आणि ही रचना आम्ही बसवली होती, म्हणून उत्तर लिहीत आहे.

आधी ‘साथ’ ही कल्पना बाजूला ठेवावी. आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागोमाग जाते. इथे पाच आवाज, दोन व्हायोलिन आणि खर्ज सांभाळणारे व्हिओलोने या प्रत्येकाला स्वतःची चाल लिहून दिलेली असते, आणि गाणारे थांबले की त्यांचा धागा व्हायोलिन उचलतात. त्यामुळे वाद्यांचे तुकडे सुरू झाले की ‘आता गाणे केव्हा येणार’ असे म्हणत वाट पाहू नये, कारण गाणे तिथेही चालूच असते.

बुक्सटेहूड १६६८ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत जर्मनीतल्या ल्युबेक शहरातील मारियनकिर्शे या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. १६८० च्या या रचनेत सात कँटाटा, म्हणजे गायन-वादनाचे स्वतंत्र भाग, आहेत: क्रुसावरील येशूचे पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय आणि मुख. प्रत्येकाच्या आरंभी छोटा सोनाटा, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, मग बायबलमधील वचन सर्वांनी मिळून, मग एका मध्ययुगीन लॅटिन कवितेची कडवी एकेकट्याने किंवा दोघातिघांनी, आणि बहुतेक ठिकाणी तेच वचन पुन्हा. पदातले ध्रुवपद जसे परत येते, तसेच हे समजा, म्हणजे वाट चुकणार नाही.

दुसऱ्या कँटाटाच्या सोनाट्यावर बुक्सटेहूडने ‘इन ट्रेमुलो’, म्हणजे थरथरत, असे लिहिले आहे. व्हायोलिनवादक गज न उचलता एकाच स्वरावर हलके हलके दाब देत जातात. तालमीत मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी होते, आणि तो आवाज कापऱ्या श्वासासारखा अंगावर आला. विषय गुडघ्यांचा आहे, हे मला तेव्हा प्रथमच उमगले.

पण माझ्या मते सारी रचना ज्यासाठी ऐकावी तो भाग सहावा, हृदयाचा. इथे व्हायोलिन गप्प होतात आणि पाच व्हायोला दा गांबा (थोडक्यात गांबा) ही गजाची वाद्ये वाजू लागतात. गायकही तीनच उरतात, दोन सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) आणि एक बास (सर्वांत खालचा). गांबा गुडघ्यांत धरतात, गज तळहात वर करून चालवतात आणि मानेवर तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, पडदे बांधलेले असतात. दिलरुबा जवळून पाहिला असेल, तर गज आणि पडदे एकाच वाद्यावर पाहून आपल्याला नवल वाटणार नाही. व्हायोलिनची धार गेल्यामुळे आवाज एकदम आतला, मऊ होतो, आणि ‘तू माझे हृदय घायाळ केलेस’ हे बायबलच्या गीतरत्न या पुस्तकातले वचन त्या मऊपणातून वर येते.

तातीच्या तारा हवेतल्या दमटपणाने लगेच सुरातून हलतात, त्यामुळे दोन कँटाटांच्या मध्ये वादक तारा लावत बसले तर तो मैफलीचाच भाग समजावा. टाळ्या मात्र सातही संपल्यावरच वाजवाव्यात. जागा निवडता आली, तर गांबावादकांचे उजवे हात दिसतील अशी निवडावी.